मरिओताचा मुलगा मालिस

मी, ग्रिझेल पिटकेर्न, वय ब्याऐंशी, अविवाहित, राहणार माँट्रोझ, परगणा अँगस, स्कॉटलंड, व्यवसाय जुन्या सरदार घराण्यांच्या वंशावळी लावणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी परवा आजची तारीख विचारली, तेव्हा मी त्यांनाच विचारलं, कोणत्या शतकाच्या हिशेबानं? त्यांनी निमूटपणे दाखला लिहून दिला. कोणाची जबरदस्ती नाही. याआधीची तिन्ही मृत्युपत्रं रद्द समजावीत, ती रागाच्या भरात केली होती.

१. माझं स्वकष्टार्जित राहतं घर, मागच्या बागेसह, माझ्या पश्चात माझा भाचा ल्यूडोविक याला मिळावं. मात्र एका अटीवर, आणि ती अट कलम चारमध्ये आहे. त्यानं आधीची कलमं वाचून मगच तिकडे वळावं. तो तसं करणार नाही, हे मला माहीत आहे.

२. चिनी मातीची चहाची किटली चुलतबहीण बेथियाला. झाकण १९८८ पासून तिच्याकडेच आहे. अंत्यविधीला आलेल्यांना गरम आणि दाट सूप द्यावं. माझ्या भावाच्या वेळी दिलं होतं तसलं पाणी देऊ नये.

३. माझी वंशावळींच्या नोंदींच्या कार्डांची चौदा खोकी, दोन्ही भिंगं आणि टेबलासमोरच्या भिंतीवरची पाटी अर्ब्रोथच्या एफी कार्गिल यांना. पाटीवर माझ्या अक्षरात लिहिलं आहे : ‘सन १६०० च्या आधी आपल्याकडे वर्ष २५ मार्चला सुरू होई.’ जो कोणी शिकायला आला, त्याच्याकडून मी हे वाक्य घोकून घेतलं आहे.

एफीला जे ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. तिनं उभी हयात बंदरावर हॅडॉक मासे धुरावर भाजण्यात घालवली. तिच्या जन्मदाखल्यात बापाच्या नावाच्या जागी नुसती रेघ आहे. तो बाप शोधायला ती माझ्याकडे आली, आणि तो काही सापडला नाही. दुसरी एखादी रडून घरी गेली असती. ही म्हणाली, “माझा नाही तर नाही, बाई. दुसऱ्या कोणाचा तरी शोधू या.” दोन वर्षांत ती चौदाव्या शतकातलं कारकुनी लॅटिन माझ्याहून सरस वाचायला लागली. हे मी तिला तोंडावर कधी सांगितलं नाही, म्हणून इथे सांगते. इतकी स्वच्छ नजर मी आयुष्यात दुसरी पाहिलेली नाही.

४. आता अट. किन्टिरीच्या चर्चमध्ये स्ट्राथडोनीच्या अर्लची, म्हणजे तिथल्या सरदाराची, बायको मरिओता हिची दगडी मूर्ती निजलेली आहे. शेजारी पितळी पाटी आहे, तिच्यावर ‘निपुत्रिक वारली’ असं कोरलं आहे. ते माझ्या पुस्तकावरून कोरलं, आणि पाटी मीच हौसेनं बसवून घेतली. अर्लचा मुलगा मालिस, त्याची आई नक्की कोण, हा वाद शंभर वर्षं चालला होता. तो मी तिसाव्या वर्षी मिटवला आणि त्यावर माझं नाव झालं.

पुरावा असा होता. बायको वारली म्हणून तिच्या आत्म्यासाठी अर्लनं मठाला गिरणी दिली, २० जानेवारी १३६१. मुलगा झाला म्हणून त्याच मठाला मेणबत्त्यांसाठी मेण दिलं, २४ जून १३६१. जानेवारीत गेलेली बाई जूनमध्ये बाळंत होत नाही, म्हणजे मालिस बाहेरचा. पुढे मोठेपणी मालिसनं स्वतःच्या दानपत्रात ‘माझी आई मरिओता’ असं स्वच्छ लिहिलं आहे. त्याला मी सावत्र आईविषयीचा शिष्टाचार ठरवून मोकळी झाले.

अकरा वर्षांपूर्वी एका मंगळवारी एफीनं माझ्या पुस्तकातलं या दोन तारखांचं पान माझ्यापुढे सरकवलं.

“बाई, तेव्हा जानेवारी वर्षाच्या शेवटी यायचा ना?”

“मग?”

“मग जून आधी आला. ती गेली तेव्हा पोर सात महिन्यांचं होतं.”

भिंतीवरची ती २५ मार्चची पाटी माझ्या डोळ्यांसमोर होती. सगळ्या जगाला शिकवलं आणि स्वतः एकदाच विसरले, तेही नेमकं तिथे. लाज वाटली की माणूस तोंडाळ होतो. मी म्हटलं, “मासेवाल्यांनी मला तारखा शिकवू नयेत.”

एफीनं कोट अंगात घातला. “बरं, बाई. चूक तुमची आहे, तुम्हीच सांगा. मी थांबते.”

हा शोध तिनं स्वतःच्या नावावर छापला असता, तर तिचा उदोउदो झाला असता आणि माझी अब्रू गेली असती. ती थांबली. दर मंगळवारी येत राहिली, कागदात गुंडाळलेला मासा आणत राहिली, माझी कार्डं लावत राहिली. एकदा मीच चिडून विचारलं, साडेसहाशे वर्षांपूर्वीच्या एका अर्लच्या बायकोचा तुला एवढा पुळका का? ती म्हणाली, “बाप लिहिलाच नाही, ते मी सोसलं. पण लिहिलेली आई कोणी खोडली, तर ते नाही मला चालत.”

गेल्या सप्टेंबरात तिच्या हृदयाचं दुखणं निघालं. इस्पितळात तिच्या खाटेशी बसून मी शब्द दिला, हे वर्ष संपायच्या आत चूक लिहून देईन. डिसेंबर संपला, माझ्याच्यानं एक ओळ झाली नाही. नवीन वर्षाच्या पहिल्या दुपारी ती, वर्षाचा पहिला पाहुणा शुभ म्हणून कोळसा आणतो त्या आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे, कोळशाचा तुकडा घेऊन आली, शेगडीपाशी ठेवला, चहा प्यायली आणि माझ्या शब्दाबद्दल अवाक्षर काढलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ल्यूडोविकला हे सांगितलं, तर तो म्हणतो, “आत्या, कोणाचं काय अडलंय? उतारवयात नाव कशाला घालवतेस?”

“अरे, त्या बाईचं पोर माझ्यापाशी अडलंय.”

तेव्हा ल्यूडोविक, ऐक. ती पितळी पाटी तू स्वतः काढायचीस आणि माझ्या पैशानं दुसरी बसवायचीस. तिच्यावर मजकूर असा : ‘मरिओता, मालिसची आई. शोध : एफी कार्गिल.’ माझं नाव कुठेही नको. वर्षभरात हे झालं तर घर तुझं. नाही झालं तर बंदरावरच्या जीवरक्षक नौकेच्या लोकांना जाईल, आणि ते लोक आनंदानं घेतील. मेल्यामागे लपले असं कोणी म्हणू नये, म्हणून चुकीची कबुली आज सकाळीच माझ्या सहीनं वंशावळ मंडळाच्या मासिकाकडे टपालानं धाडली आहे.

५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी खालील साक्षीदार पाद्रीबाईंनी करावी. त्या ल्यूडोविकला घाबरत नाहीत.

वरील मजकूर मी दोनदा वाचला, पानापानावर सही केली. इथल्या कायद्याला एक साक्षीदार पुरतो. मी दोन घेतले आहेत, कारण माझ्या एकटीच्या शब्दावर लोकांनी फार वर्षं विश्वास ठेवला.

साक्षीदार : उना स्ट्राखन, पाद्री, किन्टिरी (सही)
साक्षीदार : मर्डो स्पिंक, बेकरीवाले, माँट्रोझ (सही)

ग्रिझेल पिटकेर्न (सही)
ठिकाण : माँट्रोझ
तारीख : २४ मार्च २०२३. मरिओताच्या हिशेबानं आज सन २०२२ चा शेवटचा दिवस. एफी, वर्ष संपायच्या आत लिहून दिलं आहे.