हातीपायी धड

४ मार्च, मंगळवार

आज वरच्या मजल्यावरची ती जिन्यात रडली. बस्स! तिथून पुढे मी पहिला राहिलो नाही. वर्षभर तिचा पंखा दुरुस्त करतोय, गॅसची टाकी वर चढवतोय — रडताना कधी पाहिली नव्हती. तिचा सोडलेला नवरा, तो लेथ मशीन चालवणारा, त्याचा कारखाना बंद पडला आणि पोटगीही बंद. तिची बंद, तिच्या मुलीची, चिमणीचीही बंद. फी नाही म्हणून शाळेने चिमणीला वर्गाबाहेर उभं केलं. पहिलीतली पोर!

कठड्यावर मूठ आपटली. सालटं निघालं. वहिनी हळद लावता लावता म्हणते, "भावोजी, वरच्या मजल्यावरचा पंखा फारच बिघडतो हो!"

६ मार्च

तिच्यासोबत वकीलबाईंकडे गेलो. "हे कोण?" — "खालचा मुलगा." खालचा मुलगा!! अर्धं कॉलेज सोडून दादाच्या टायरच्या दुकानात बसतो तो टायरसाठी? ती तिथून जाते-येते म्हणून!

वकीलबाई म्हणाल्या, नोकरी गेली ही सबब कोर्ट ऐकत नाही. माणूस हातीपायी धड आहे ना? मग कमवायचं नि द्यायचं. वसुलीचा अर्ज लावू, नाही दिलं तर तुरुंग.

"आत बसून नोटा छापणार आहे का तो?" ती म्हणाली. अर्ज नको. थोडं थांबू.

थांबू म्हणे! माझं रक्त उकळतंय.

८ मार्च

दिवसभर टायर ठोकले. प्रत्येक टायर तोच होता.

९ मार्च, रविवार

मारला.

त्याच्या खोलीवर गेलो, दार त्यानेच उघडलं. "कोण रे तू?" म्हटलं, "पोटगी." तर हसला! "कोर्टाने आता पोरं ठेवली का शिपाई म्हणून?" पहिला ठोसा जबड्यावर. तो उठला, माझी गचांडी धरली, दोघं फळीसकट खाली आलो. डबे फुटले. त्याचा पंजा चौकटीवर दाबला आणि खिशातला पाना घातला. पुन्हा घातला. हाड मोडताना सुका आवाज येतो. मला तो आवडला. लिहितोय, कारण खरं आहे — आवडला!

मग पडद्यामागून "पप्पा?"

रविवारी चिमणी त्याच्याकडे असते. मला माहीत होतं. डोक्यातच आलं नाही! एका बाजूची वेणी घातलेली, दुसरीकडचे केस मोकळे, हातात फणी. तो तिची वेणी घालत होता. रक्ताचा हात पाठीमागे लपवून तिला म्हणाला, "आत जा गं राणी, काही नाही झालं."

मी पळालो.

११ मार्च

ती दुकानात आली. दादा म्हणाला, बसा. बसली नाही. "गाडीवरून पडला म्हणे. दोन बोटं आता वळायची नाहीत." काल त्याला नव्या कारखान्यात हजर व्हायचं होतं. मशीनवरच. तिला माहीत होतं — म्हणून थांबू म्हणत होती. पहिल्या पगारापासून थकलेलं थोडंथोडं फेडणार होता. तोंडी ठरलं होतं दोघांचं. मला कशाला सांगेल? मी खालचा मुलगा.

"आता तो धड नाही," ती म्हणाली. "उद्या त्याचाच वकील पोटगी माफ करा म्हणेल आणि कोर्ट ऐकेल. मी कुणाकडे मागू रे?"

पाना माझ्या हातातच होता. खाली ठेवताना वाजला.

१२ मार्च

वहिनीवर ओरडलो. ताट भिरकावलं. दादाने कानाखाली दिली. आणखी द्यायला हवी होती.

१३ मार्च

चिमणी दुकानाच्या पायरीशी आली. लांबच उभी राहिली. हळूच म्हणाली, "मी आईला नाही सांगितलं. पप्पांकडे मारामारी होते असं कळलं तर रविवार बंद होईल. तू पण नको सांगू हं."

तिचा रविवार का बंद व्हावा? मारामारी मी केली. आधी वर जाऊन तिच्या आईला सांगतो, मग पोलीस चौकीत. ती पुन्हा माझ्याकडे बघणार नाही. दादा विचारतोय, कुठे निघालास. दार ओढून घेतो.