काचेवरचा निसार पैलवान

२ फेब्रुवारी १९१४, सोमवार. सकाळी सहा.
आजपासून कलेला वाहून घेतलं. कचेरीतली कारकुनी फक्त अकरा ते पाच.
मॅजिक लँटर्नचे, म्हणजे दिव्याने काचेवरची चित्रं पडद्यावर पाडायचे, खेळ करणारे करीमभाई यांनी कोरी स्लाइड दिली आहे. एका लाकडी चौकटीत दोन काचा. चौकटीच्या एका कडेला पितळी खूण. दांडी ओढली की पुढची काच सरकते आणि चित्र हलतं. हलतं चित्र! गावात हे काढणारा मी पहिलाच असणार.
विषय: आपल्या तालमीचा निसार पैलवान मिरजेच्या पैलवानाला चीत करतो. खेळ १ मार्चला तालमीसमोर, कुस्तीच्या आदल्या संध्याकाळी. काम सांगणारे खुद्द सासरे, गुंडू वस्ताद. लग्नाला चार वर्षं झाली, पण त्यांनी आमच्या घरात पाऊल टाकलेलं नाही. रोज तालमीत येईन असं मी लग्नाआधी कबूल केलं होतं म्हणे. मला आठवत नाही. चित्र पसंत पडलं तर मात्र जेवायला येणार आहेत. हे ऐकून माझी बायको चिमणाबाई तिखट कुटायलाच बसली. चार आठवडे आधी.

३ फेब्रुवारी.
टाइम-टेबल केलं. पाच ते सात थोर आर्टिस्टांचा अभ्यास. सात ते आठ हात. आठ ते नऊ पाय.
उठायला साडेआठ झाले. पाय उद्या.

६ फेब्रुवारी.
नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या इमामसाहेबांकडे गेलो. मी मनातून त्यांचा एकलव्य. ते म्हणाले, माझं पडदं कशाला गिरवतोस आकाराम, आठ दिवस तालमीत जाऊन बस, निसारची सावली बघ. नुसत्या सावलीवरनं माणूस वळखू आला तर ते चित्र, न्हायतर रंगाची नासाडी.
मोठी माणसं आपली गुपितं सांगत नाहीत हेच खरं. शिवाय तालमीत वस्ताद असतात आणि लंगोट लावायला लावतात. मला सर्दी आहे. पडद्यावरचा राजा गिरवून घेतला.

१२ फेब्रुवारी.
कागदावर निसार तयार. नाक पडद्यावरच्या राजाचं. हात देवघरातल्या लक्ष्मीच्या तसबिरीवरून. मांड्या बिस्किटाच्या डब्यावरच्या गोऱ्या सोजिराच्या. तीन थोर आर्टिस्ट एका देहात!
कचेरीत दाखवला. हेडक्लार्क म्हणाले, बाई कुठली? शेजारच्या धोंडुबाईंनी तर चित्राला हात जोडले. चिमणाबाई म्हणाली, निसारभाऊला एवढी मान कुठं हाय? त्याचं डोस्कं थेट खांद्यावर हाय की.
कलेत मान असते, असं मी तिला समजावलं.

१७ फेब्रुवारी.
आज एक गंमत. भाकरी तव्यावर असताना चिमणाबाईने कोळसा घेतला आणि चुलीमागच्या भिंतीवर तळहाताएवढी कुस्ती काढली. खाली मिरजेचा उताणा, त्याच्या छातीवर आडवा निसार. मान नाही, कान चेपलेले, डावा खांदा उतरलेला. भाकरी करपलीही नाही. तिचं माहेर तालमीच्या पाठीमागेच, लहानपणापासून खिडकीतून हेच बघत आली. धोंडुबाई विस्तव मागायला आल्या त्या दारातूनच म्हणाल्या, अगं बया, निसार!
हे रांगोळीचं वळण आहे, यात शास्त्र नाही, हे मी दोघींना सांगितलं. तरी पुसू नकोस म्हणालो. अभ्यासाला असू दे.

२२ फेब्रुवारी.
अभ्यास केला. काच भिंतीला टेकवून केला. माझी नवी आकृती योगायोगाने भिंतीवरच्या आकृतीशी तंतोतंत जुळते आहे.
मात्र शास्त्र माझंच. लँटर्नच्या लेन्समधून चित्र उलटं पडतं, हे करीमभाई एकदा बोलून गेले होते. तेव्हा मी आधीच चौकट उलटी धरून काढलं, पितळी खूण खाली ठेवून. म्हणजे पडद्यावर आपोआप सुलटं! हे आजवर कुणाला सुचलं कसं नाही? चिमणाबाई म्हणाली, करीमभाईला एकडाव इचारा की. आर्टिस्ट विचारत नसतो.

२८ फेब्रुवारी.
स्लाइड पोचवली. चिमणाबाईने घर सारवलं, वडिलांसाठी पाट घासून ठेवला. आबा येतील न्हवं, असं दोनदा विचारलं. मी म्हणालो, गॅरंटी. तिचे डोळे भरून आले. मला एकदम भीती वाटली. थोड्या वेळाने भीती गेली.

१ मार्च, रविवार. दुपारी चार.
नवा फेटा बांधला. दाद मिळाल्यावर करायचं भाषण पाठ आहे.

त्याच दिवशी, साडेआठ. माळ्यावर.
करीमभाईंनी अंधारात बोटाने खूण चाचपली आणि वीस वर्षांच्या सवयीने चौकट उलटी करून लँटर्नमध्ये सारली. प्रत्येक स्लाइड ते अशीच घालतात. म्हणजे मी आधीच उलटं काढलेलं त्यांनी सुलटं करून घातलं, आणि लेन्सने ते पडद्यावर उलटं पाडलं. मला कुणी सांगितलं नव्हतं.
दांडी ओढली. हजार माणसांसमोर निसार पैलवान सरकत आला आणि मिरजेच्या पैलवानाखाली उताणा पडला. कुणीतरी ओरडलं, आरं, आपला निसार चीत! निसार पहिल्याच रांगेत बसला होता. तो काय म्हणाला ते लिहीत नाही.
पण नोंद करायला हवी: इतक्या लांबून, एका क्षणात, झाडून सगळ्यांनी ओळखला.
मग मी निघालो. पळालो नाही. फेटा तिथेच राहिला.

२ मार्च. संध्याकाळ. माळ्यावरच.
निसारने कुस्ती चार मिनिटांत मारली. फार चिडला होता म्हणे. याचं श्रेय मला कुणी देणार नाही.
सासरे आले! मैदानातून थेट, अंगावर लाल माती, हातात काठी. कुठं हाय त्यो, म्हणाले. चिमणाबाई म्हणाली, आधी पाय धुवा आबा, जेवा, मग मारा. आणि ते जेवायला बसले. चार वर्षांनी. मी फळीच्या फटीतून बघत होतो.
मधेच त्यांचा घास थांबला. भिंतीवरचा कोळसा दिसला. कुणी काढलं म्हणाले. ती म्हणाली, मी. ते पाटावरून भिंतीकडे वाकले. मग म्हणाले, निसार हाय गं पोरी, जित्ता निसार. आवाज वेगळाच होता. मग तांबडा रस्सा परत मागितला.
काठी विसरून गेले.
नंतर सासऱ्यांच्या सांगण्यावरून करीमभाई नवी कोरी स्लाइड घेऊन आले. मी खाली उतरायला पाय टाकला होता. त्यांनी ती चिमणाबाईच्या हातात दिली. तिने आधी विचारलं, खूण वर का खाली? वर, म्हणाले.
आता ती ताट घेऊन वर आली. मटण संपलं होतं, रस्सा होता. जवळ बसली, हसली, आणि म्हणाली, पहाटेला उजेड कमी पडतो, तुमची मदत लागंल.
नवं टाइम-टेबल. पाच ते सात: दिवा धरणे.