दोन पांढऱ्या स्पंजांच्या चिठ्ठ्या

७ मे, मंगळवार. कडाव
मी सांगते, सूनबाई लिहिते. वही नातीनं, स्नेहलनं दिली. मला अक्षर येत नाही हे तिला फार लागतं. मला नाही लागत. पोरगी समुद्रातले स्पंज शिकते. कॉलेजात रंगकाम काढलंय, म्हणून स्पिरिटात बुडवलेल्या स्पंजांच्या सात बरण्या माझ्या लोणच्याच्या फळीवर ठेवून मालवणला गेली. आणखी स्पंज आणायला.
जाताना म्हणाली, "आजी, हे झाड नाय, प्राणी हाय. तोंड नाय, पोट नाय. अंगभर भोकं. त्यातनं पाणी ओढतो, त्यातलं बारीक-सारीक खातो, पाणी वरच्या मोठ्या भोकातनं सोडतो."
म्हटलं, खातो नि बोलत नाय. तुझ्या आजोबांवर गेलाय.

८ मे
कैऱ्या आल्या. फळी पुसायला घेतली तर बरण्यांत कागद पडलेले. वाटलं, पोरीच्या लक्षात राहिलं नाही. लोणच्यात कागद राहिला की बुरशी धरते, याला शाळा लागत नाही. कोरड्या चमच्यानं सातही काढले, सुपात वाळत घातले. चमच्यातलं स्पिरिट बरण्यांवर गळलं, ते पुसलं, तर वर लिहिलेलंही फडक्याला आलं.
सूनबाईनं सूप बघितलं नि एक कागद उचलून वाचला. "आई, अवो, ह्या चिठ्ठ्या हायत! कुठला स्पंज कुठनं आणला ते हाय त्याच्यावर."

१० मे, आखिती
सणाची पुरणपोळी ताटात तशीच ठेवून सुपापाशी बसले.
पण एक सुचलं. स्पंजाचा रंग स्पिरिटात उतरतो, तोच चिठ्ठीला चढलाय. पिवळी पिवळ्याला, जांभळी जांभळ्याला. हळदीचे डाग धुण्यात जन्म गेला माझा. पाच लागल्या.
उरल्या दोन पांढऱ्याच, रंग न चढलेल्या. स्पंजही दोन पांढरे, सख्ख्या बहिणींसारखे. सूनबाईनं वाचलं, एक खाडीतला, एक उघड्या समुद्रातला.
नेमके तेच. स्नेहल तेच हातात धरून बोललेली, "हे दोन एकाच जातीचे का वेगळे, त्याच्यावरच माझं सगळं हाय."

१३ मे
रूप बघून जात ठरवायची नाही, हे तिचंच. एकच स्पंज शांत पाण्यात उंच वाढतो, लाटांखाली चपटा. म्हटलं होतं, माहेरी उंच, सासरी चपटी. हसली होती.
खरी ओळख म्हणे आतल्या सुया. काचेच्या, डोळ्याला न दिसणाऱ्या. तुकडा ब्लीचमध्ये टाकला की मांस विरघळतं, सुया उरतात.
सुया जात सांगतील. गाव नाही सांगणार. गाव मी पुसलं.

१४ मे
दोघींनी त्या दोन चिठ्ठ्या अंदाजानं टाकल्या. झाकणं लावली.
"बरोबर पडल्या असतील तर, आई?"
"नि नसतील तर? पोरगी त्याच्यावर पुस्तक लिहील."
"तिच्या फोनात फोटो असतील."
"फोटोत पण पांढरेच."
माझ्यासाठी पोटच्या पोरीपासून लपवते बिचारी. वरची ओळ वाकडी आली. मला न वाचता दिसते.

१५ मे
सकाळी उठून दोन्ही परत काढल्या. कमरेच्या पिशवीत आहेत. बसलं की टोचतात. कागद कुठला टोचतोय, पण.

१८ मे, शनिवार
स्नेहल काल आली. नाक सोललंय उन्हानं. सोमवारी बरण्या सरांकडे न्यायच्यात. अजून फळीकडे गेली नाही.
आज सूनबाई लिहीत नाही. चुलीपाशी उगाच भांडी वाजवतेय. पोरीलाच लिहायला बसवलंय समोर.
लिही, बाय. आठ तारखेला कैऱ्या आल्या. तुझी आजी फार हुशार. तिनं चमचा घेतला.
हसू नको, लिही. कोरडा चमचा घेतला, नि तुझ्या बरण्यांतले कागद काढले.
थांबलीस का? पाच लागलेत जागेवर. हे दोन राहिले. घे. मागची पानं वाच, मग माझ्याकडे बघ.
लिहितेस ना? पेनाचा आवाज येत नाय.