तीस हजार एकतीस

बाई, आज वर्गात तुमची संख्या फळ्यावर लिहिली. तीस हजार एकतीस.

सुरतेत, डिंडोलीच्या आपल्या मराठी शाळेत, आठवीला, तुम्ही ती लिहिली होती. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा या मूळ संख्यांचा गुणाकार केलात आणि वर एक मिळवलात. "आता यांतल्या कुणानंही भागा, एक उरतोच. म्हणजे हीसुद्धा मूळ संख्या," असं म्हणून खडूचे हात झटकलेत. मला काही ते पटेना. या सहाजणांनी भाग गेला नाही म्हणून कुणानंच जाणार नाही? घरी आई साड्यांचे सुटलेले धागे कापत होती आणि मी तिच्याशेजारी बसून सतरा, एकोणीस, तेवीस असं एकेकानं भागत सुटले. आई ओरडतेय, "आते तरी कातर धर!" आणि माझं लक्ष आहे कुठं? एकोणसाठनं भाग गेला. पूर्ण. एकोणसाठ गुणिले पाचशे नऊ.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात उभी राहून ते सांगितलं. तुम्ही फळ्यावर गुणाकार करून पाहिलात आणि तुमचा चेहरा उतरला. मला वाटलं, भरली आपली शंभरी. पण तुम्ही वर्गाकडे वळून म्हणालात, "मी चुकले. हिचं बरोबर आहे."

तेवढ्यावर थांबला असतात, तरी मी जन्मभर तुमचं नाव काढलं असतं. पण आठवी संपली की मला घरी बसवून साड्यांच्या कामाला लावायचं ठरलंय, हे तुमच्या कानावर गेलं होतं. त्याच संध्याकाळी तुम्ही आमच्या दारात. बाबा पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमधून नुकतेच आलेले, हात अजून निळे. "तुमच्या मुलीनं आज माझी चूक काढली," तुम्ही म्हणालात. बाबांनी माझ्यावर डोळे वटारले. "म्हणूनच सांगायला आले. हिला शाळेतून काढू नका."

"बाईनी चूक काढी इनी? मंग सकाय सासूनीबी काढी!" बाबा म्हणाले. आज बाईंची, तर उद्या सासूची, ही त्यांची धास्ती.

"काढू दे की," तुम्ही म्हणालात. बाबांना हसू आवरेना. मी नववीत गेले.

हे ऐकून सगळे म्हणतात, बाई मुद्दाम चुकल्या असतील. मी भांडते. तुमचा चेहरा मी पाहिला होता. तुम्ही खरोखर चुकलात, आणि तीच चूक घेऊन एका पोरीसाठी परक्या दारात उभ्या राहिलात. मला तुमचा सगळ्यात जास्त अभिमान वाटतो तो यासाठीच.

आता मीही गणित शिकवते, आणि दरवर्षी ही संख्या लिहून मुद्दाम चुकते. आज मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "बाई, एकोणसाठनं जातोय!" तुमच्यासारखा चेहरा पाडायचा, मग हळूच "मी चुकले" म्हणायचं, असं सगळं ठरलेलं होतं. हे पत्र काही कुठं जायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत मला इतका आनंद झाला की मी हसतच सुटले, आणि सगळ्या वर्गाला कळलं, बाईंना माहीत होतं.