रविवारी माझ्या पावलांनी आलेला माणूस

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा आठांपैकी जमतील तेवढ्याच अंगांनी घातला आहे असं समज.) तुझा गुडघा काय म्हणतो? वहिनींची साखर आटोक्यात आहे ना? आणि हे पत्र एकट्यानंच वाच. तुझ्या शेजारचे ते निवृत्त पोस्टमास्तर मला पहिल्यापासूनच सरळ वाटलेले नाहीत.

दादा, तुझा भाऊ गोत्यात आला आहे. आमच्या प्रयोगशाळेला संरक्षण खात्याचा पैसा मिळाला हे तुला ठाऊकच आहे (तूच तर सगळ्या नातेवाइकांना फोन करकरून सांगितलंस). इतकी वर्षं आम्ही साधा पंखा मागितला तरी विद्यापीठ विचारायचं, उकडतंय कुणाला? आणि आता न मागता पोलादी दार आलं, एसी आला (यंत्रासाठी, आमच्यासाठी नव्हे), तपासणीला येणाऱ्या बड्या लोकांसाठी गुबगुबीत कोच आला, आणि या सगळ्यावर डोळा ठेवायला एक सुरक्षा अधिकारी आला. हा गृहस्थ खोलीतसुद्धा काळा चष्मा घालतो आणि "बरं आहे ना?" म्हटलं तरी "का विचारताय?" म्हणतो. सरकार उगाच कुणाला कोच देत नाही, हे मी तेव्हाच ओळखलं होतं.

आमचं यंत्र म्हणजे जमिनीखाली पुरलेल्या पट्ट्या. वरून कुणी चाललं की पावलांच्या हादऱ्यावरून ते माणूस ओळखतं. सरहद्दीवर कोण आलं, कोण गेलं, हे खात्याला कळायला हवंय. सरावासाठी आम्ही पट्ट्या आमच्याच व्हरांड्यात पुरल्या आणि यंत्राला सगळ्यांची पावलं शिकवली. (विभागप्रमुख पहिल्यांदा पोट आत घेऊन चालले; दुसऱ्या दिवशी यंत्रानं त्यांना ओळखच दाखवली नाही.)

आणि गेल्या महिन्यात, तू आमच्याकडे होतास त्याच रविवारी, भर दुपारी कुणीतरी किल्लीनं दार उघडून आत शिरलं आणि चहाच्या वेळेपर्यंत आत राहिलं. यंत्र म्हणतं, तो मी. अरे, मी घरी जेवून आडवा झालो होतो! काहीही चोरीला गेलेलं नाही, आणि अधिकाऱ्याला नेमकं तेच खटकतंय. त्याच्या मते कच्चा चोर वस्तू नेतो, मुरलेला नुसता बघून जातो.

आता माझी पंचाईत बघ. मी निर्दोष म्हणावं, तर माझंच यंत्र खोटं पडतं, पैसा परत जातो आणि हाताखालच्या पोरांच्या नोकऱ्यांचा बोऱ्या वाजतो. यंत्र खरं म्हणावं, तर मी हेर. खातं मात्र भलतंच खूश आहे. यंत्र बसतंय न बसतंय तोच माणूस सापडला म्हणून! विभागप्रमुखांनी परवा मला स्वतःच्या पैशानं चहा पाजला. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "संस्थेसाठी एवढं कराच." तेव्हापासून मी सगळ्यांवर संशय घेऊन पाहिला. गणितवाल्या बाई हल्ली माझ्या मागून जरा जास्तच निरखून चालतात. काल मी मुद्दाम लंगडत गेलो, तर अधिकारी म्हणाला, "आजच बरं चालणं बदललंत?"

मग आठवलं. तू आला होतास तेव्हा जिन्यात तुझी पावलं वाजली की मीच आलो समजून ही आतून ओरडायची, "कचऱ्याचा डबा न्या!" आणि तू बिचारा मुकाट्यानं न्यायचास. आपण दोघंही डावा पाय ओढत चालतो ना, अगदी बाबांसारखे. बाबा गेले, पण चालणं दोघांना देऊन गेले. हे आठवून मला रडूच आलं.

बाकी सर्व ठीक. वहिनींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. खरं काम सांगायचं राहिलंच. गुरुवारी समिती बसणार आहे. तू ये आणि व्हरांड्यातून एकदा चाल. यंत्रानं तुला माझं नाव दिलं की मी सुटलो. यंत्र बुडालं तर बुडू दे.

ता. क. २. त्या रविवारी जेवण होताच तू "केस कापून येतो" म्हणून गेलास आणि संध्याकाळी चांगला ताजातवाना परत आलास. केस जसेच्या तसे होते. आता विचारतो, होतास कुठे?

ता. क. ३. येऊ नकोस. पाकीट चिकटवण्याआधी हे पत्र हिनं वाचलं आणि सगळं सांगून टाकलं. माझ्या घोरण्यानं तुझ्या डोळ्याला डोळा लागत नव्हता, तू भिडेपोटी बोलत नव्हतास, म्हणून हिनंच माझी किल्ली देऊन तुला त्या कोचावर झोपायला धाडलं होतं! सरकारी गुपिताची किल्ली बाहेर दिली हे कळलं तर तिच्यामागे चौकशी लागेल रे, आणि ते मला सहन व्हायचं नाही. म्हणून आत्ताच जाऊन लिहून देऊन आलो की रविवारी मीच तिथे झोपायला गेलो होतो. यंत्र खरं ठरलं, पैसा राहिला, मला नुसती ताकीद मिळाली. अधिकाऱ्यानं पहिल्यांदाच चष्मा काढला, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाला, "हो, हे पटण्यासारखं आहे." विभागप्रमुखांनीही मान डोलावली. दादा, इतकी वर्षं मी शोधनिबंध लिहितो आहे, पण माझ्या एकाही विधानावर लोकांचा इतक्या चटकन विश्वास बसला नव्हता.