माझे आठ बार

३ जून, सकाळ
पहिलं रेकॉर्डिंग मिळालं. गाण्याच्या मधे ट्रंपेटचे आठ बार, एकट्याचे. आईला म्हटलं, आठ बार मिळाले, तर तिचा चेहराच उतरला. दारूचे नव्हेत, तालाचे, हे समजावता समजावता चहा गार झाला. संकल्प: रोज चार तास रियाज.

४ जून
रियाज नाही. ओठ जपायला हवेत. कव्हरवरच्या फोटोसाठी आरशात पाहिलं. डावी बाजू बरी.

९ जून
रियाज सतरा मिनिटं. शेजारच्या शिंपीणबाईंनी भिंत ठोकली. कदर नाही लोकांना. बँडमास्तरांनी सुरांचा कागद पाठवला. वरवर पाहिला. सोपा आहे.

१२ जून, दुपारी १
स्टुडिओ. लाल दिवा लागला. असं काही वाजवलं की पियानोवाला बघतच राहिला. दुसऱ्या टेकला बासवालाही. म्हटलं, भारावले. बँडमास्तरांनी विचारलं, कागद असाच वाचलास? मी म्हटलं, अगदी जसाच्या तसा.

तिथेच घोळ. तो पियानोसाठी लिहिलेला कागद. ट्रंपेटवाल्यानं तो एक सूर वर धरून वाचायचा असतो, नाहीतर बाकीच्यांशी सूर जुळत नाहीत. हे मी दुसऱ्यांना शिकवतो. मी म्हटलं, हल्ली मुद्दाम असं वाजवतात. कुणी हसलंसुद्धा नाही.

दुपारी ४
पुन्हा तीन टेक. ओठ सुजले. शेवटी शेजारच्या खोलीतल्या म्हाताऱ्या ट्रंपेटवाल्यांना बोलावलं. त्यांनी एका टेकमध्ये उरकलं, माझ्या पाठीवर थोपटलं आणि गेले. शरमेनं मान वर होईना. आईनं विचारलं, कसं झालं? म्हटलं, मस्त. शिंपीणबाईंनाही तेच सांगितलं.

२० ऑगस्ट
रेकॉर्ड आली. वादकांची नावंच छापलेली नाहीत. म्हणजे तसं खोटं बोललोच नाही म्हणायचं. तरी आईनं ऐकायच्या आत खरं सांगणार. उद्या.

२१ ऑगस्ट
सांगायच्या आतच ताईनं रेकॉर्ड लावली. शिंपीणबाईंसकट पाच जणी जमल्या होत्या. आठ बार सुरू झाले. आईनं सगळ्यांना हातानं गप्प केलं आणि म्हणाली, हा माझा मुलगा. मी नम्रपणे मान तुकवली. कान नुसते तापले होते. नालायक आहे मी.

२२ ऑगस्ट
आई भांडी घासत होती. जवळ जाऊन म्हटलं, कालचं ते वाजवणं... ती वळली नाही.

"तुझं नव्हतं. तू फुंकायच्या आधी नाकानं श्वास ओढतोस. इतकी वर्षं ऐकतेय."

विचारलं, मग काल बायकांना तसं का सांगितलंस?

"तू आधीच त्यांना सांगून बसला होतास. चारचौघींत तुला खोटं कशी पाडू?"

मी ताटल्या पुसायला घेतल्या.