चकत्यांवरचा पिवळा डाग

धायरी, पुणे
शनिवार

तीर्थस्वरूप दिगंबरदाजींस,

धाकट्या मेहुण्याचा, हिंदुरावचा, शिरसाष्टांग नमस्कार. (लांबूनच घ्यावा. कारण पुढे येईल.) आपली शुगर, द्वारकाअक्काचे गुडघे आणि सासवडचं फरशीचं दुकान, तिन्ही ठीक असावीत. इकडे हेमा बरी आहे. मी बरा आहे की नाही हे माझं मलाच कळेना, म्हणून हे पत्र.

दाजी, आपल्याला ठाऊकच आहे, कर्वेनगरच्या एका कॉलेजातल्या प्रयोगशाळेत मी एकवीस वर्षं सिरॅमिकच्या चकत्या घासतो. शर्टाच्या बटणाएवढी पांढरी चकती, फिरत्या चाकावर हिऱ्याची पेस्ट लावून घासायची, आपलं तोंड दिसेपर्यंत. (प्राध्यापक येतात, जातात, चाकावर हात माझाच.) आमच्याकडे अपेक्षा नावाची वर्ध्याची मुलगी पीएचडी करते. अणुभट्टीचा कचरा ज्यात कोंडून ठेवायचा, ते सिरॅमिक आतून बसणारा मार किती सोसेल, हा तिचा विषय. त्यासाठी मी घासलेल्या सहा चकत्या घेऊन ती दिल्लीला गेली. तिथल्या यंत्रातून प्रचंड वेगानं सुटलेले आयन, म्हणजे वीज चढलेले अणू, त्या चकत्यांवर आदळवले. यंत्राचा नंबर लागायला दीड वर्ष थांबली होती बिचारी. परत आली, डबी माझ्या टेबलावर ठेवली, "काका, जपा हं," म्हणाली आणि दसऱ्यासाठी घरी गेली.

आता दसऱ्याच्या आदल्या दिवशीची यंत्रपूजा माझ्याकडे असते. भट्टीला झेंडूची माळ, चाकाला हळदकुंकू, मायक्रोस्कोपपुढे नारळ (फोडायचा बाहेर, तसा लेखी आदेश आहे). सगळ्यांना मान दिला आणि दिल्लीहून एवढा मार खाऊन आलेल्या चकत्या तशाच ठेवल्या, हे मनाला पटेना. चष्मा घरी राहिलेला. डबी उघडली, सहाही जणींना बोटानं हळदकुंकू लावलं, हात जोडले. गुरुवारी चष्मा लावून पुसायला बसलो. कुंकू गेलं, पिवळं काही जाईना. साबण झाला, स्पिरिट झालं. हळदीचा डाग तो, असा सुखासुखी थोडाच जातोय! मग म्हटलं, हिंदुराव, एकवीस वर्षं काय माशा मारल्यास? घेतली चाकावर. अर्ध्या मिनिटात चकती लख्ख! पाच उरकल्या, सहावी हातात घेतली आणि वीज गेली. (गुरुवार तो, पुण्यात वीजदुरुस्तीचा. जायचीच.)

रिकामा बसलो होतो म्हणून डबीच्या झाकणातली अपेक्षाची चिठ्ठी उलगडली. "पिवळा थर आयनांमुळे झालेला आहे. जाडी केसाच्या दहाव्या भागाएवढी. कृपया हात लावू नये."

दाजी, मी घासून काढली ती हळद नव्हतीच. आधी भीती वाटली ती जिवाची. किरणोत्सर्ग की हो! पूजेदिवशी त्याच बोटांनी मी प्रसादाचा शिरा खाल्लेला, तोही दोनदा मागून. घरी येऊन तीनदा आंघोळ केली, ताटवाटी वेगळी मांडली, हेमाला म्हटलं जवळ येऊ नको. ती म्हणाली, "येत नाही. पण आंघोळीचं पाणी खडकवासल्याहून तुम्ही आणता का?" शुक्रवारी आमच्या प्राध्यापक आमोदसरांना गाठलं. (सांगितलं एवढंच की पूजेत हात लागला.) त्यांनी मोजायचं यंत्र माझ्या अंगावरून फिरवलं. काटा जागचा हलला नाही. "अहो, मार चकतीला बसलाय. ती कुणाला मारत नाही. एवढं घाबरायचं होतं तर हात लावायच्या आधी घाबरायचं!" जिवाची भीती गेली आणि खरी भीती तिच्या जागी येऊन बसली. संध्याकाळी अपेक्षाचा फोन. "काका, पिवळा रंग शाबूत आहे ना? माझी चार वर्षं त्या रंगात आहेत." मी "आहे" म्हणालो. खोटं बोललो, दाजी. पोरगी पुढच्या शनिवारी येणार. तिच्यासमोर उभा कसा राहू?

अक्काला नमस्कार. गुडघ्यांना तीळतेल लावत जा म्हणावं.

आपला, यंत्राच्या मते धडधाकट,
हिंदुराव

ता. क. : पत्र लिहिलं ते खरं यासाठी. दुकानातल्या पांढऱ्या फरशीच्या बटणाएवढ्या पाच चकत्या कापून तातडीनं एसटीनं धाडाव्यात. फरशी जुनी, पिवळट पडलेली असली तर सोन्याहून पिवळं. अक्काला सांगू नये.

ता. क. दुसरा (रविवार, पत्र अजून खिशातच) : फरश्या नकोत. अपेक्षा सुट्टी अर्धवट टाकून आजच आली, माझ्यासाठी वर्ध्याच्या गोरसपाक बिस्किटांचा पुडा घेऊन. पुडा हातात घेतला आणि राहवेना, सगळं सांगून टाकलं. ती जमिनीवरच बसली. खूप रडली. मग नाक पुसून उरलेली सहावी चकती उजेडात धरली. म्हणाली, आता सगळं हिच्यावर. मायक्रोस्कोपखाली घालायची तर ती मागच्या बाजूनं घासत घासत कागदाहून पातळ करायला हवी, आणि पुढचा पिवळा थर तेवढा राहायला हवा. "ते तुम्हीच करा, काका. दुसऱ्या कुणाचा हात मला चालणार नाही." दाजी, तिनं शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. मंगळवारी सकाळी अकराला चाकावर बसतोय. अक्काला म्हणावं, देवापुढे दिवा लाव. आणि त्या वेळात कुणीही मला फोन करू नका. चष्मा आत्तापासूनच पिशवीत ठेवलाय.